पान उघडायला बावीस सेकंद

३ मार्च, सोमवार

नाही, दुकान बंद करणार नाही. कुणी विचारलेलं नाही, पण समोरच्या चष्मेवाल्याच्या तोंडावर तो प्रश्न रोज असतो, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. हात चालतायत. वेत मिळतोय. लोक अजून खुर्चीतच बसतात, हवेत बसायची सोय निघालेली नाही.

पण गिऱ्हाईक नाही हे खरं. पूर्वी वेबसाइटवरून आठवड्याला पाच-सहा जण तरी विचारायचे. गेल्या महिन्यात एक. तोही फोनवर म्हणाला, "तुमचं ते पान उघडेपर्यंत माझा चहा गार झाला. मी घेतल्या दुसरीकडून." प्लॅस्टिकच्या घेतल्या असणार. उन्हाळ्यात पाठ चिकटली की कळेल.

ही वही हिची. खुर्च्यांची मापं लिहायची. मागची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवायची. बोलायला माणसं नाहीत असं नाही. पण बोललं की कीव करतात.

६ मार्च, गुरुवार

वेबसाइट दुरुस्त करणाऱ्या बाई येऊन गेल्या. चष्मेवाल्याने पाठवल्या. आल्या त्या थेट विकायला ठेवलेल्या खुर्चीत बसल्या, पाठ टेकली, आणि उठायचं नाव घेईनात. म्हटलं, कामाचं बोला. म्हणाल्या, "काका, दिवसभर मोडक्या स्टुलावर बसते हो मी. बसू द्या जरा."

मग मोबाइलवर आमचं पान उघडायला घेतलं आणि मला आकडे मोजायला लावले. बावीस झाले. तोवर नुसतं पांढरं.

"काका, दुकानाचं शटर असं अडकून राहिलं तर गिऱ्हाईक दारात थांबेल का?"

म्हटलं, माझं गिऱ्हाईक एका खुर्चीसाठी पंधरा-पंधरा दिवस थांबलंय.

"ते खुर्ची बघितल्यावर. इथे त्याला दिसतंय काय?"

बाई बरोबर बोलत होत्या, त्याचाच राग आला. मोठ्या दुकानांचं नाव माहीत असतं, तिथे माणूस कळ काढतो. आपल्याला कोण ओळखतं? आपण तोंड उघडायच्या आत तो दुसरीकडे पोचलेला असतो. शंभरातले सत्तर असेच जातात म्हणे. सत्तर! आणि मी इथे बसून म्हणतोय की लोकांना वेताची कदर राहिली नाही. लोकांनी माझा वेत बघितलेलाच नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

काल कारण लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

कारण म्हणजे व्हिडिओ. पान उघडलं की आधी तो येतो, त्याच्यामागे बाकी सगळं रांगेत. हिचा आहे, खुर्चीची बैठक विणतानाचा. वेत भिजवण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. चौदा मिनिटं. मध्येच ही दाताने पट्टी ओढते आणि म्हणते, "हे नको गं घेऊस, बाबा ओरडतील."

मुलीने काढला. वेबसाइटही तिनेच केली, चार वर्षांपूर्वी. व्हिडिओ लहान करून टाकतात हे तिलाही माहीत नसावं, होता तसा चढवला. मला ही सगळी थेरं वाटली. म्हटलं, फोटो काढून खुर्ची विणली जात नाही. ती म्हणाली, "न दाखवता विकलीही जात नाही, बाबा." शब्दाला शब्द वाढला. शेवटी मी म्हटलं, जा तुझ्या नोकरीला, आणि या घरात फोन करू नकोस. गेली, दुसऱ्या देशात. फोन केला नाही. माझ्यावर गेलीय.

आणि मग ही होती तोवर त्याच वेबसाइटवर आम्ही दोघं जेवलो, हेही लिहायला हवं.

आईची खुशाली तिला मामाकडून कळायची. ही गेली तेव्हा मेहुण्याला मी एवढंच म्हटलं— कळव तिला, तुझं ऐकेल. पंधरा दिवस दाराकडे कान लावून होतो. जिना वाजला की उठायचो. आली नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. आता आठ महिने झाले.

व्हिडिओ पानावरून काढणार नाही. दुकान हळू चाललं तरी चालेल.

११ मार्च, मंगळवार

बाईंचा फोन. पान कोण कोण बघतं ते त्यांनी काढलंय. बहुतेक जण तीन-चार सेकंदांत पळतात. "पण काका, एक जण आहे. रोज आपल्या सकाळी सातला. पूर्ण पान उघडेपर्यंत थांबतो, व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. खुर्च्या बघतच नाही. बाहेरच्या देशातला आहे." देशाचं नाव सांगितलं.

"कुणी तुमच्या ओळखीचं?"

म्हटलं, नाही.

फोन ठेवला आणि हातातली पट्टी मोडली. भिजवलेली होती, तरी मोडली.

१२ मार्च, बुधवार

रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

आई गेली तेव्हा पोरीला यायला जमलं नाही. दोन ओळी पाठवायला जमल्या नाहीत. आणि आता रोज सकाळी घरबसल्या चौदा मिनिटं आई बघते! फुकट. रडायचं तिने आणि गिऱ्हाईक जायचं माझं. मी आठ महिन्यांत तो व्हिडिओ एकदाही पुरा बघू शकलो नाही. गाठ मारायच्या आधीच बंद करतो.

बाईंना सांगितलं, काढा. त्या म्हणाल्या, "एकदम नका काढू काका, वेगळ्या पानावर ठेवू. ज्याला बघायचंय तो तिथे जाऊन बघेल. पहिलं पान हलकं झालं की झालं."

म्हटलं, नको. कुठेच नको.

"काकूंचा आहे हो."

म्हटलं, म्हणूनच.

१३ मार्च, गुरुवार

पान दोन सेकंदांत उघडतं. मोजायला तोंड उघडलं तोवर आलं. आता थेट खुर्च्या. रिकाम्या.

१८ मार्च, मंगळवार

बाई खोटं बोलत नव्हत्या. पाच दिवसांत नऊ जणांनी विचारलं. एका दातांच्या दवाखान्याला बाहेर बसायला आठ खुर्च्या हव्यात. चष्मेवाला म्हणतो, "काका, आता हाताखाली माणसं ठेवा." त्याच्या तोंडावरचा प्रश्न गेला. तेवढाच फायदा.

बाई हिशेब द्यायला आल्या, त्याच खुर्चीत बसल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं— तो सकाळी सातचा माणूस?

म्हणाल्या, "तेरा तारखेला आला होता. पान उघडलं, बंद केलं. परत उघडलं. अकरा वेळा. चौदाला दोनदा. मग नाही."

म्हटलं, त्याला वाटलं असेल अजून उघडतंय.

"नाही काका. आता लगेच उघडतं ना."

चहा विचारायचा राहिला बाईंना.

२० मार्च, गुरुवार

दवाखान्याच्या पहिल्या खुर्चीची बैठक विणायला घेतली. चौकट माझी, वीण हिची, अशीच आमची वाटणी होती. तिरकी पट्टी कुठून वर काढायची ते विसरलो. विचारायला मान वळवली.

मग उलगडली सगळी. परत भिजत घातली.

२१ मार्च, शुक्रवार

सात वाजता मोबाइल घेऊन बसलो. काही दिसत नाही, ते बाईंच्याकडे दिसतं. तरी बसलो. चौदा मिनिटं.

माझं चुकलं का, असं विचारणारं घरात कुणी नाही. म्हणून उत्तरही देत नाही.

२४ मार्च, सोमवार

वेबसाइटवर चौकशीची चौकट असते, तिथे निरोप आला. जसाच्या तसा लिहितो.

"बाबा, आईला पानावरून का काढलंत? बरी आहे ना ती? मामा म्हणतो बरी आहे, फक्त फोनवर येत नाही. माझ्यावर अजून रागावलीय का? मी फोन करणार नाही, तुम्ही नको म्हणालात. तेवढा व्हिडिओ परत लावा."

मेहुण्याला विचारलं. म्हणाला, "दाजी, माझ्याने सांगवेना. म्हटलं तुम्ही बाप, तुम्ही सांगाल."

चौकटीत नंबर लिहावाच लागतो, तो तिने लिहिलाय. लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

पुढचं लिहिणार नाही.