तुझ्या फोटोपुढची कूर-शेव्हर्नी

प्रिय नितीन,

आज तुझ्या आईंनी नागपूरहून फोन करून एवढंच विचारलं, "पोरगा पिऊनच गेला ना?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन ठेवला. कुणाशी बोलू? म्हणून तुला लिहितेय.

तुझं हृदय असं अचानक बंद पडलं, त्याला त्यांना कारण हवं होतं. ते मिळालं त्या बाटलीत. इथे परदेशात, आपल्या सेंगकांगच्या फ्लॅटवर तुझ्या पुण्यानुमोदनाचा विधी होता. तुझ्या लॅबमधला वेई मिंग कूर-शेव्हर्नी वाईनची बाटली घेऊन आला आणि मोठ्या आदराने तुझ्या फोटोपुढे ठेवली. त्याचं तरी काय चुकलं? त्यांच्याकडे गेलेल्या माणसापुढे त्याच्या आवडीचं ठेवतात, आणि तू तर दुसरं बोलतच नव्हतास! इकडे आम्ही हात जोडून पंचशील म्हणतोय, दारूला शिवणार नाही म्हणतोय, आणि समोर बाटली! आईंनी व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं.

तू पोट धरून हसला असतास. मला हसू येत नाही रे.

काय होतं एवढं त्या रोमोराँतँ द्राक्षात? फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातला एवढासा मुलूख, तिथली ही पांढरी वाईन, तीही फक्त याच द्राक्षाची. "खडूस आहे, आंबट आहे, पण मुरली की मधाचा वास येतो," म्हणायचास. माझं इतकं कौतुक कधी केलं नाहीस! तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची, हेच तुझं संशोधन. आईंना हे कसं पटवू? त्या दिवशी आपली मैत्रेयी तिच्या इथल्या इंग्रजीत सांगायला गेली, "पप्पा स्मेल ओन्ली लाह, नेव्हर ड्रिंक!" त्यांनी कॉल बंद केला.

पण एकदा इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरताना तूच म्हणालास, "घशाखाली उतरल्याशिवाय हिची शेवटची चव कळत नाही." तुला कसं कळलं रे? तेव्हा विचारायचं सुचलं नाही. एखादा घोट घेतला असतास, तर मी काय तुला घराबाहेर काढणार होते? सांगायचंस ना मला!

आता फ्लॅट सोडून आम्ही नागपूरला चाललोय. आई दार उघडतील, पण बोलणार नाहीत. काही सुधारेल असं मला वाटत नाही.

तरी वचन देते. त्यांचा हात हातात घेऊन सांगेन, "आई, नितीनने एक थेंबही गिळला नाही." खरं काय ते मला माहीत नाही. खोटं बोलणार नाही, हेही आपण त्याच पंचशीलात म्हणतो. तुझं शील राखताना माझं मोडलं, तर मोडू दे.

तुझीच,
प्रज्ञा