धाकटीला पुण्याला न्यायचं

३ मार्च
सुनीलचा फोन. पूजाची परीक्षा झाली की तिच्यासंगं धाकटीला पण पुण्याला नेतो म्हणाला. "मोठीआई, तुला तरी किती दिवस झेपणार?" मला नेत नाय. दोन खोल्या, त्यात त्याची सासू. जागा नाय तर नाय. म्हटलं, ने बाबा, सवत घरातून चालली म्हणून गल्लीत पेढे वाटते. हसला नाय. आईवर गेलाय, मस्करी कळत नाय.
मी सांगते, नात लिहिती, हीच पूजा, सुनीलची लेक; कॉलेजासाठी इथं असती. मला अक्षर येत नाय, ती काय लिहिती ते तिलाच ठाऊक.

६ मार्च
नळाला पाणी. भरून भरून कंबर गेली. मग धाकटीची आंघोळ, वेणी. दिवाळीत लकवा झाला, तवापासून उजवा हात नुसता लोंबतो. शब्द अर्धा येतो. शिवी पुरी येती.

११ मार्च
पूजा विचारती, "मोठी आजी, तुझं छोट्या आजीवर प्रेम आहे का गं?" हिला कॉलेजात कुणीतरी आवडलंय. (हे लिहीत नव्हती. लिहायला लावलं.)
म्हटलं, आमच्याकडं प्रेम नव्हतं. ह्यांच्या पत्रात शेवटी 'लोभ असावा' यायचं, ते पण मास्तर वाचून दाखवायचे. लेकराची माया असती, वासराचा लळा, माहेराची ओढ. सवतीसाठी काय शब्द हाय ते तुझ्या पुस्तकात बघ.
शेजारची जैबुनबी दारात हुती. म्हणाली, "उसकू आदत बोलते, बड़ी."
सवय असंल.

१२ मार्च
कालचं डोक्यात राहिलं. मला नऊ वर्षं मूल नाय. देवगाव रंगारीला दुसरी पोरगी बघायला मीच गेले. तिनं माझ्या लुगड्यावर चहा सांडला. म्हटलं, हीच. अशी धांदरट पोर आपल्या वरचढ व्हायची नाय. चुकलं.
सुनील झाला तवा बारशाच्या आधीच तिनं तो माझ्या मांडीवर टाकला आन झोपली. तवापासून दूध तेवढं तिचं. पूजा म्हणती, केवढा त्याग! कसला त्याग. झोपाळू हुती.

१८ मार्च
मला कणकण. दिवसभर पडून. धाकटीला पूजानं भरवलं, तर दात घट्ट. सकाळी नाय, दुपारी नाय. पूजा रडकुंडीला, "हट्टी आहे नुसती!"
सांजच्याला उठले तवा ध्यानात आलं. ती आल्यापासून आम्ही एकाच ताटात जेवतो. बापे उठले की आम्ही दोघी. सासूनं रीत लावलेली, पहिला घास थोरलीचा. भांडण असलं तरी ताट एकच, तोंडं दोन दिशांना. सासू गेली, हे गेले, रीत तशीच.
म्हंजी ती हट्टाला पेटली नव्हती. माझी वाट बघत हुती. मी घास घेतला, मग तोंड उघडलं.

२० मार्च
सुनीलला हे सांगावं का? सांगितलं तर नेणार नाय. मग हाय तेच. खरं सांगू, मी थकले. तिची कूस बदलताना परवा दोघी पडता पडता राहिलो. तिकडं दिवसभराची बाई ठेवणार हाय, दवाखाना जवळ. नाय सांगितलं. पूजाला पण तंबी.
पण तिथं जेवंल कशी…

२२ मार्च
शिकवणी सुरू. ताट तिच्यापुढं, मी सैपाकघरात. "खा, मी जेवले." तिकडून आवाज, "खोटारडे." शब्द पुरा आला.

२५ मार्च
दोन घास घेतले. थुंकले. माझ्याकडं बघत.

२९ मार्च
लई ऊन. आज ताट ढकललं. आमटी गादीवर. मी ओरडले, तुझ्या भल्यासाठी करते, मेले! ती रडली. चादर धुतली. मग मोरीतच बसून राहिले. पूजानं विचारलं काय झालं. म्हटलं, पाय.
रात्री एकाच ताटात जेवलो. शिकवणीला सुट्टी.

२ एप्रिल
दुपारी पूजा ओरडली, "जेवली! मोठी आजी, एकटी जेवली!"
गेले. कुस्करलेल्या भाकरीत मधोमध बोटानं रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडचं सगळं पुसून खाल्लेलं. पलीकडच्याला शिवली नव्हती. पूजा ताट उचलाया गेली तर डाव्या हातानं काठ धरून बसली, सोडंना. नजर माझ्यावर.
बसले. माझं अर्धं खाल्लं. गार झालं हुतं, मीठ कमी. मग ताट सोडलं तिनं.
तेवढ्यात सुनीलचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतो, आई नीट जेवते ना? पूजा फोनवर हात ठेवून उभी. "काय सांगू?"
म्हटलं, थांब जरा. हात तरी धुऊ दे.