नवव्या गाण्याबाबत माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सोफे व खुर्च्या नव्याने मढवून देण्याचा, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हा कागद कोणाच्याही दडपणाशिवाय, चष्मा लावून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत टाचले आहे. डॉक्टरांनी आधी वार विचारला, मग बायकोचे वय विचारले (हे मी तिच्यासमोर सांगितले नाही, यावरूनही माझी अक्कल शाबूत असल्याचे दिसते) आणि शेवटी म्हणाले, "काहीतरी सलग म्हणून दाखवा." तेव्हा मी 'ओले मोजे' या बँडच्या गाण्यांची क्रमवारी पहिल्यापासून अकराव्यापर्यंत म्हटली, आणि मग उलटी. प्रमाणपत्रात "स्मरणशक्ती उत्तम" असे आहे. "पण चौथं गाणं चौथं कसं काय हो?" असेही डॉक्टर म्हणाले, पण ते त्यांनी लिहून दिलेले नाही. म्हणून त्याचे उत्तर देण्यास मी बांधील नाही.

पुढचा मजकूर कळावा म्हणून थोडा खुलासा. 'ओले मोजे' हा चार जणांचा बँड होता. दोन गिटार, एक ड्रम आणि एक गायक, ज्याला कायम सर्दी असावी असे वाटे. त्यांनी एकच कॅसेट काढली, तिच्यात अकरा गाणी आहेत. मी शिकाऊ कारागीर असताना माझ्या पहिल्या कमाईतून टेप घेतला आणि थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तिच्या पैशांतून ही कॅसेट आणली. वडिलांचा नियम होता की जेवणाआधी एकच गाणे वाजेल. कुठले वाजेल यावरून रोज हमरीतुमरी होई, म्हणून आम्ही क्रमवारी लावली. वरचे गाणे आधी. घरात शांतता नांदावी म्हणून ही क्रमवारी जन्माला आली, हे लक्षात ठेवावे.

क्रमवारीचा नियम असा: कुठलेही गाणे वर किंवा खाली न्यायचे तर दोघांचे हात एकाच वेळी वर झाले पाहिजेत, आणि हात रिकामे असले पाहिजेत. रिकाम्या हाताची अट नंतर घातली. एकदा ताईने दोरीवरचा टॉवेल काढायला हात वर केला आणि मी तेवढ्यात सहावे गाणे पाचवे करून घेतले. ते परत सहावे झाले आणि मला आठवडाभर भांडी घासावी लागली.

आता वाटणी.

कलम एक. दुकान, मागच्या दोन खोल्या व बँकेत जे असेल ते माझ्या पत्नीस. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला होता की 'लिफ्ट बंद आहे' हे गाणे तुम्ही कितवे लावाल. ती म्हणाली, "मला गाण्यातलं कळत नाही, पण तुम्ही चहा पँटवर सांडताय." एवढ्या वर्षांत तिने एकदाही क्रमवारीत नाक खुपसले नाही. माझ्या पश्चात तिला ओले मोजे कधीही न ऐकण्याचा पूर्ण हक्क राहील व तो कोणी हिरावून घेऊ नये.

कलम दोन. मोठी कात्री, वाकड्या सुया, स्प्रिंगा ताणायची चिमटी व शिलाईचे जड यंत्र मुलीस. तशीही ती आता दुकान माझ्यापेक्षा बरे चालवते. फक्त फोम कापताना ती 'मंगळवारचा माणूस' गुणगुणते. ते दहावे गाणे आहे. बापाने हे ऐकलेले आहे, एवढेच तिला कळावे.

कलम तीन. जावयास गिऱ्हाइकांची खुर्ची, जिची डावीकडची स्प्रिंग बसणाऱ्याला टोचते. जावई माणूस लाखात एक आहे, पण पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा म्हणाला, "पप्पा, मला नाही वाटत ड्रमवाला एवढा काही ग्रेट होता." स्प्रिंग दुरुस्त करायला मला दहा मिनिटे पुरली असती. मी केली नाही.

कलम चार. कोपऱ्यावरचा औषधवाला. याने चार माणसांत 'दोन चमचे साखर' हे ओले मोज्यांचे सर्वश्रेष्ठ गाणे असल्याचे सांगितले, आणि वर "बाकी सगळं भरताड" असे म्हणाला. त्याला मी विसरलो असे कोणाला वाटू नये म्हणून त्याचा उल्लेख इथे मुद्दाम करीत आहे. त्याला काथ्याने ठासून भरलेली एक उशी द्यावी. भरताड म्हणजे काय ते त्याच्या मानेला कळेल.

कलम पाच. अंत्यविधीला भाषणे नकोत. मुलीने तिच्या फोनवरून 'मागच्या सीटवरचा समुद्र' लावावे. (हेच ते चौथे. डॉक्टरांनाही बोलवावे.) शेवटी गायक शीळ घालतो, ती संपेपर्यंत कोणी चपला शोधू नयेत.

कलम सहा. टेप, आतल्या कॅसेटसह, ताईस. गाणे मागे न्यायचे बटण तुटले आहे. तिथल्या भोकात सोफ्याची सुई घालून फिरवावे लागते, ती सुई टेपला दोऱ्याने बांधली आहे.

कलम सात. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे. वकीलबाई म्हणतात की याला कायद्यात काही अर्थ नाही. असू दे.

ताई आमच्या वरच्याच मजल्यावर राहते आणि माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासून आमच्यात बोलणे नाही. झाले ते असे. ओले मोजे एकदाच, एकदाच आमच्या गावी वाजवायला आले. आम्ही दोघे पुढून तिसऱ्या रांगेत. त्यांनी शेवटचे गाणे घेतले 'पायपुसणं'. दारातले पायपुसणे घरी आलेल्या माणसाशी बोलते, असे ते संथ गाणे आहे. आमच्याकडे ते नववे. ताईला ते नेहमी पहिले हवे होते, पण तिला माझा हात कधी मिळाला नाही. ती उभी राहून रडू लागली आणि मी लघवीला गेलो. परत येताना रस्त्यात ती म्हणाली, "तू गेलास." मी म्हणालो, "नववं होतं ना." नियमाने मी बरोबर होतो आणि आजही आहे. ती वर गेली आणि दार लावून घेतले. त्यानंतर आमचे सगळे दळणवळण मुलीमार्फत, किंवा ताई वरून पाय आपटते त्यावरून. एकदा आपटले म्हणजे आवाज कमी कर. दोनदा म्हणजे दूधवाला आलाय.

टेप खाली राहिला, त्यामुळे ताईला गाणे हवे तर स्वतःच म्हणावे लागते. रोज कपडे वाळत घालताना ती 'पायपुसणं' म्हणते. आवाज गळक्या नळासारखा. पण "पाय न पुसता ये" या ओळीशी ती दरवेळी थांबते, बहुधा चिमटा दातांत धरायला, आणि मग पुढचे कडवे उचलते. कॅसेटवर तिथे थांबा नाही. तो असायला हवा होता. इतकी वर्षे छतातून ऐकून माझे मत पालटले आहे. 'पायपुसणं' पहिले व्हावे, 'लिफ्ट बंद आहे' दुसरे, बाकीची त्या क्रमाने खाली सरकावीत. माझा हात वर आहे. पण एका हाताने काही हलत नाही, आणि चुकीची क्रमवारी मागे ठेवून जाण्याची माझी तयारी नाही. म्हणून मुलीला सांगितले आहे की साक्षीदार म्हणून आत्याला बोलाव.

पुरवणी. वरचा मजकूर लिहून झाल्यावर, पण सह्या होण्याआधी जे घडले त्याने वाटणीत फरक पडला, म्हणून ते इथे जोडत आहे. वकीलबाईंनी "घडलं ते सगळं लिहायची गरज नाही" असे दोनदा सांगितले.

ताई खाली आली. दुकानाच्या दारात पायपुसणे आहे, त्यावर पाय न पुसता ती आत आली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. लगेच उठून दुसरीत बसली. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकीलबाई म्हणाल्या, तरी तिने सगळा वाचला.

"हे काय लिहिलंयस? पायपुसणं पहिलं?"

"तुझंच म्हणणं होतं, ताई."

"होतं. आता नाही. इतकी वर्षं तू रोज सकाळी खाली 'लिफ्ट बंद आहे' लावतोस. तो ड्रम फरशीतून माझ्या पायांत येतो. गुडघे धरलेले असतात, त्या ड्रमवर मी उठते. पहिलं तेच. तू बरोबर होतास."

"मी चूक होतो."

"मुळीच नव्हतास! मरायच्या गोष्टी करून लाडीगोडी लावू नकोस मला. हात वर होणार नाही."

"म्हणजे तुम्हाला दोघांनाही एकमेकांचं पटलंय?" वकीलबाईंनी विचारले.

"नाही!" आम्ही दोघे एकदम म्हणालो. मुलगी शाळेत होती तेव्हापासूनचे हे आमचे पहिले एकमत.

आतून बायको म्हणाली, "एकाच साच्यातली दोन डोकी, आणि दोघांत मिळून एक स्प्रिंग."

मग वकीलबाईंनी कायदा सांगितला. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही. ताईने सही केली तर टेप गेला.

"मग दुसरा साक्षीदार बघू," मी म्हणालो.

"मी सही केल्याशिवाय हलणार नाही," ताई म्हणाली. "सही नाही केली तर हरकत कुठे लिहू?"

"हरकत वेगळ्या कागदावर लिहा ना, ताई," वकीलबाई म्हणाल्या.

"वेगळा कागद कोण वाचतंय? हा वाचतील सगळे."

"टेप जाईल पण."

"जाऊ दे."

असे म्हणाली खरी, पण तिने टेपकडे पाहिले. दोऱ्याला बांधलेली सुई हातात घेतली, बोटांत फिरवली. मग वकीलबाईंना विचारले, "जिवंतपणी दिलेलं चालतं का?"

"जिवंतपणी कोणी कोणाला काहीही देऊ शकतं."

ताईने माझ्याकडे पाहिले. दुकानात सगळे माझ्याकडेच पाहत होते, साक्षीला आलेला किल्लीवालासुद्धा, ज्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

"मग मी सकाळी काय ऐकू?" मी विचारले.

"वर ये की. जिना काय नेलाय का कोणी?"

मी प्लग काढला आणि टेप तिच्या मांडीवर ठेवला. सबब कलम सहा रद्द. ती वस्तू आता माझी नाही.

कलम सात कायम. आत्ताच मत घ्यावे असे मी सुचवले, पण ताईने टेप दोन्ही हातांनी धरला आहे आणि तो खाली ठेवायला ती तयार नाही. हात रिकामा नसल्याने मत धरता येणार नाही, हा नियम तिने मलाच ऐकवला. तरी दुकान बंद असते त्या दर शनिवारी वरच्या मजल्यावर मतदान होईल, व निकाल लागेपर्यंत मी हयात राहीन. हे शेवटचे वाक्य खोडा, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. मी खोडलेले नाही.

स्थळ: दुकान, कापड बेतायचे टेबल.
दिनांक: १४ मार्च, शनिवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: समोरचा किल्लीवाला. (सही) गाणी ऐकलेली नाहीत.

साक्षीदार दुसरी: लिहून देणाऱ्याची थोरली बहीण. (सही डाव्या हाताची, उजव्या हातात टेप आहे.) शेरा: क्रमवारीला हरकत. बाकी भाऊ शुद्धीवर आहे.