पाचवी दांडी

१४ नोव्हें., गुरुवार
कोवलमचा ट्रॅक्टर गिंडीत आमच्या वर्कशॉपात आला. तिथले मच्छीमार त्यानं होड्या वाळूवर ओढतात. कुठल्या काळातला देव जाणे, नावाची पट्टीच नाही. क्लचचं पेडल नाही! नुसत्या दांड्या. पाच. चालवणारा म्हातारा कन्नियप्पन अर्धांगानं पडलाय, वाचा गेली. वर्कशॉपचा मालक सेल्वम अण्णा म्हणाला, "तंबी," म्हणजे धाकट्या, "तुमच्या सांगलीकडं घरोघरी ट्रॅक्टर. तूच बघ." बघतो म्हणालो. माझं तोंड...
दांड्यांना तेलकट चिंध्या बांधलेल्या. कापून जाळल्या. डिझेलनं पुसून सगळं चकाचक.

१५, शुक्रवार
इंजिन सुरू झालं. काळा धूर, शेजारचे लेथवाले बाहेर आले. स्टिअरिंगखालची दांडी रेसची. मधली गिअरची. उजवीकडची लांब, ब्रेक समजून पुढं ढकलली तर ट्रॅक्टर उडालाच. तोच क्लच, हाताचा. अण्णा समोर उभा. पाना टाकून उडी मारली म्हणून वाचला. भिंतीचा कोपरा गेला.
अण्णानं पडलेला पाना उचलला. मग, "चहा पी." बस.
टी. नगरहून मामाचा फोन. "सोनं गाळायचं सोडून गंज खरडायला गेलास, आता माणसं मारतोस व्हय रं?" ह्याला एवढ्या लवकर कोण सांगतं?

१७, रविवार
चौथी मागचा दोराचा ड्रम फिरवते. पाचवी सीटखाली, डावीकडं, आखूड. ओढली, ढकलली, काहीच होत नाही. तेच वाईट.
म्हाताऱ्याची लेक वल्ली आली, मासळीची रिकामी टोपली घेऊनच. दांड्या बघून ओरडली, "फडकी कुठायत?" अप्पांनी बांधलेली म्हणे. पिवळं, निळं, एक लाल. कुठलं कुठं होतं, विचारलं.
"मला काय ठाऊक! मी होडीकडं बघायचे, त्यांच्या हाताकडं नाही."
जाळली म्हणून सांगितलं. टोपली उचलून निघाली. दारातून एवढंच, "होडी ओढताना मागं माझा नवरा असतो. खांदा लावून."

१८, सोमवार
समुद्र चढणार म्हणतात. उद्या सगळ्या होड्या वर रस्त्यापर्यंत घ्यायच्या. खाली शिरून बघितलं, पाचवी ड्रमच्या आत जाते. झाकणाचे बोल्ट गंजलेत, हलत नाहीत. म्हणजे दोर धरणारी, नाहीतर सोडणारी. सोडणारी असली, होडी उतारावर, आणि मागं...
अण्णा म्हणाला, "नको वाटत असेल तर आत्ता सांग." मामाकडं परत जाता येतं. भट्टीपुढं बसायचं, फुंकत. तरी नको म्हणालो नाही.
माझा लाल रुमाल पाचवीला बांधला. हात लावायचा नाही.

१९, मंगळवार. कोवलम
ट्रॅक्टरच्या सीटवर बसून लिहितोय, वेळ मिळाला तेवढ्यात.
लहान होड्या चढल्या, पाचवीला न शिवता. मोठी अर्ध्यात अडकली. ड्रम ओढतो, थांबला की दोर मागं सरकतो. धरायचा तर आता पाचवीच उरली. खाली ओंडके लावलेत, माणसं दम खातायत. लाटा पार ओंडक्यांपर्यंत.
वल्लीनं बापाला ऑटोतून आणलं. दोघांनी धरून ट्रॅक्टरपाशी उभं केलं. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं एकेक दांडी चाचपली, गुरं चाचपतात तशी. पाचवीपाशी थांबला. माझा रुमाल सोडला. मला वाटलं दुसरीला बांधेल. त्यानं तो माझ्या मनगटाला बांधला. एका हातानं, दातानं गाठ ओढून.
"अक्का, म्हणजे काय? ओढू का नको?"
वल्ली बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. "तोंड असं वाकडं झाल्यापासून हसतात का रडतात, मलाच कळत नाही."
खालून हाका मारतायत. तंबी, तंबी. तिच्या नवऱ्यानं खांदा लावला.
वल्ली खाली गेली नाही. इथंच उभी आहे. आज ती होडीकडं बघत नाही. माझ्या हाताकडं बघतेय.