टेपमधली मोकळी जागा

अकोट, ६ नोव्हेंबर २००६
पुण्याहून पोचले एकदाची. एसटीच्या खिडकीतून कापूस उडून केसांत बसला होता, तो घरमालकीण पार्बताबाईंनी हसत हसत वेचून काढला. खोली संस्थेनेच पाहून दिली. ऐसपैस आहे, वर दोन वेळचं जेवण. बाईंची मुलगी जयवंता गेल्या पावसाळ्यात पूर्णेच्या पुरात वाहून गेली. सापडली नाही, म्हणून बाई रोज तिचं ताट वाढतात. "येईन ना वं थे, जाईन कुठी?" म्हणाल्या.

८ नोव्हेंबर
काम मजेचं आहे. उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात संस्था बालवाडी काढतेय. मदतनीस बायकांना मराठी कितपत येतं, ते मी पाहायचं. टेप एक वाक्य बोलते, मग थोडी मोकळी जागा, मग बाईने ते जसंच्या तसं म्हणायचं. छोटं वाक्य पोपटपंची करून जमतं. लांब वाक्य मात्र भाषा अंगात मुरल्याशिवाय धरून ठेवता येत नाही. पदरचा शब्द घातला की गुण गेले. वाक्यं वाचणाऱ्या बाईचा आवाज फार गोड आहे.

९ नोव्हेंबर
आज नसीमबानो आल्या. नवरा कामाला जायचा ती कापसाची जिनिंग मिल बंद पडलीय, ही नोकरी त्यांना हवीच आहे. सगळ्यात लांब वाक्य अचूक म्हटलं आणि पुढे जोडलं, "मायले सांगा, वाट नको पाहू." मी गुण कापले. टेपमधल्या बाईनं सांगितलं तेच म्हटलं, असं त्या कळवळून सांगत राहिल्या. मी नियम ऐकवला.

१० नोव्हेंबर
चाचणीला शाहीन सकाळी आली, गजाला दुपारी. दोघींनी तेच वाक्य जोडलं.
टेप पुन्हा लावली. मोकळ्या जागेत कुणी बोलत नाही. फक्त पाणी वाहतंय.

११ नोव्हेंबर
टेप घरी आणली. बाई भाकरी थापत होत्या. पहिलंच वाक्य लागलं आणि हात परातीत थांबला. जया, म्हणाल्या. जेवली का, म्हणून टेपलाच विचारू लागल्या.
संस्थेला फोन केला. वाक्यं जयवंतानेच वाचली होती, अकोल्याला. तिथून परतताना पूल —
निरोप आता मला कळलाय. पण सांगू कशी? बाई त्या वाट पाहण्यावरच तर जगतात.

१३ नोव्हेंबर
टेप बंद आहे. तरी ऐकू येतं. वाक्य संपलं की ती थांबते. मी ते म्हणावं म्हणून वाट पाहते.

१४ नोव्हेंबर
नसीमबानोंचे गुण परत दिले. घाबरून विचारलं, तुम्हाला अजून ऐकू येतं का. तिचं वाक्य एकदा म्हणून टाकलं की ती सोडते, म्हणाल्या.
त्यांना कुठे पार्बताबाईंसमोर म्हणायचं होतं —
ओठ दाबून ठेवलेत.

१५ नोव्हेंबर
जेवताना तोंड उघडलं. निरोप सांगितला. आवाज माझा नव्हता.
बाई रडल्या नाहीत. निरोप त्यांनी ऐकलाच नाही, फक्त आवाज ऐकला. माझं ताट उचलून पालथं घातलं. जयाचं माझ्यापुढे सरकवलं.
बोल, म्हणाल्या. अजून बोल.

१६
मी पुण्याची आहे. हे बाईंना सांगायचंय. तोंडातून येत नाही. फक्त ती सांगते तेवढंच —

माय समोर बसली हाय. केसातला कापूस काढून राहिली. मी पुण्याची आहो, हे तिले —
मी आली ना, माय. वाट नको पाहू. पानी लय थंड —