पट्टीला चिकटलेली निळी लोकर

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा रफूचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. डोकं ठिकाणावर आहे. नसल्याचं फक्त माझी नणंद सांगेल, आणि तिला विचारायचं कारण नाही. वकिलांनी कायदा समजावला, त्यातलं एक मी पक्कं लक्षात ठेवलं: मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचं आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं.

१. राहतं घर, मागची खोली सोडून, माझ्या एकुलत्या एका मुलीला.

२. दुकान, सुया आणि भिंग माझ्या कारागिराला. आळशी आहे, पण नजर चांगली आहे. नजर असली की मी बाकीचं माफ करते.

३. मागची खोली थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, त्या आहेत तोवर. कारण लिहिणं भाग आहे.

मुलगी जन्मली तेव्हा तिचा उजवा डोळा डाव्याहून बराच बारीक होता आणि त्यात मोतीबिंदू. दीड महिन्याची असताना ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "इतक्या बारीक डोळ्यात पुढे दाब वाढतो, काहींचा डोळा जातोही. आणि मोतीबिंदू काढला म्हणजे दिसायला लागलं, असं नाही. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावा, म्हणजे हा बघायला शिकेल. रडली तरी काढू नका."

रोज सकाळी पट्टी चिकटवून मी दुकानात जायची. पोर वन्संकडे. वर्ष उलटलं तरी त्या डोळ्याची नजर कशावर ठरेना. "पट्टी नक्की लावता ना?" डॉक्टरीणबाई विचारायच्या, आणि मी छातीठोकपणे हो म्हणायची. मग एका संध्याकाळी पट्टी सोलताना डिंकात निळे तंतू दिसले. लोकर कुणाची, हे रफूवालीला सांगावं लागत नाही. माझी पाठ वळली की वन्सं पट्टी काढून आपल्या स्वेटरच्या बाहीला चिकटवायच्या, आणि मी यायच्या आत पुन्हा डोळ्यावर.

"अगं, किती रडते ती. मला नाही बघवत," म्हणाल्या.

त्यांना बघवलं नाही, म्हणून तिला दिसलं नाही. पुढे दाब वाढला आणि नवव्या वर्षी तो डोळा काढावा लागला. तिथे आता बनवलेला डोळा आहे. नवऱ्याचं आपलं एकच पालुपद, "ताई जाईल कुठे?" तो गेला, वन्सं राहिल्या.

मुलगी म्हणते, "आई, डोळा मुळातच बारीक होता. तसाही गेला असता. सोड ना आता." असेलही. पण मग मी नशिबाला शिव्या दिल्या असत्या, वन्संना नाही. आणि पट्टी लावणारी मी, काढणारी आत्या; पोर रडताना आत्याकडे धावायची, अजूनही धावते. हे मला डोळ्याइतकंच लागलं आहे.

४. वन्संना दिलेली खोली काही कारणाने रद्द झाल्यास ती कारागिराला द्यावी. त्याने माप घेऊन ठेवलं आहे. मुलीने आत्याला पुढच्या खोल्यांत ठेवून घेतल्यास सगळं घर कारागिराचं.

साक्षीदार:

पहिले, शेजारचे औषधवाले. पट्ट्या यांच्याकडच्याच.

दुसरे, वकिलांचे कारकून. कायद्याला एवढे दोन पुरतात.

तिसऱ्या, थोरली नणंद. मी हौसेने घेतल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, कागद पांढरा आहे एवढंच कळतं. सहीची जागा बोट धरून दाखवली.

"काय लिहिलंयस गं?"

"मागची खोली तुम्हाला दिली आहे."

"माझी इतकी दया आली तुला?" त्या रडल्या, आणि सही केली.

सही: रफूवाली

ठिकाण: घराची पुढची खोली

तारीख: अकरा मार्च. उद्या वन्संच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. खर्च मी भरला आहे. हा कागद त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, अशी माझी इच्छा आहे.