करजणपर्यंत साठच्या स्पीडने

४ फेब्रुवारी १९७९, रविवार
आज निर्णय झाला. डिफरन्शियल बदलायचं. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या आतले गिअर. सामान्य माणूस इंजिनाच्या मागे लागतो. जाणकार मागून सुरुवात करतो.

कारण लिहून ठेवतो. साडू दत्ताजीराव आणि मेहुणी अहल्या जेवायला आले होते, त्यांच्या त्या क्रीम रंगाच्या फियाटमधून. निरुपमाने, म्हणजे आमच्या सौ.ने, ताटावर विषय काढलाच. तिच्या गणिताच्या शिकवणीला मुली वाढल्यात, व्हरांड्यात मावत नाहीत, चार जणींना जिन्यात बसवावं लागतं, आणि गॅरेजमध्ये मात्र एक डबडं पाय पसरून झोपलंय. डबडं! विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेली अस्सल विलायती टू-सीटर स्पोर्ट्स कार! दत्ताजीराव हसले. म्हणाले, स्पोर्ट्स कार आहे ना, मग बडोद्याहून करजणपर्यंत माझ्या फियाटच्या पुढे पोचून दाखवा. पोचलात तर गॅरेज कायमचं गाडीचं, नाहीतर शिकवणीचं. मी भात कालवता कालवता हो म्हटलं. तारीख १८ मार्च.

निरुपमा फार खुशीत आहे. दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं. बिचारी.

आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात हिशेबनीस होते. मोटार आमच्या रक्तात आहे.

६ फेब्रुवारी
सद्यस्थिती : माझ्या गाडीचा मीटर मैलांचा. काटा पन्नासच्या पुढे जात नाही. दत्ताजीरावही पन्नास मैलांच्या वर कधी जात नाहीत, कारण गेले की अहल्या किंचाळते. म्हणजे बरोबरी. मला फक्त दहा मैल जास्त हवेत.

बाजव्याच्या रस्त्यावर बापूचं गॅरेज आहे, तिथे गेलो. त्याने गाडीखाली डोकं घालून सांगितलं की सध्याचा गिअर तीन पॉइंट नऊचा आहे. त्याच्याकडे याच कंपनीच्या जुन्या डिलिव्हरी व्हॅनचा पडलाय, पाच पॉइंट दोनचा. मी विचारलं, पाच पॉइंट दोन मोठा ना? बापू म्हणाला, हा साहेब, मोटो तो छे. ठरलं.

व्हॅन किती ओझं ओढत असेल! तोच गिअर माझ्या हलक्या गाडीत म्हणजे गाडी जमिनीवर राहिली तर नवल.

११ फेब्रुवारी
निरुपमाने उगाच चौकशी केली. तीन पॉइंट नऊ म्हणजे काय, पाच पॉइंट दोन म्हणजे काय. मी समजावलं की मोठा आकडा, मोठा वेग. तिने बापूला फोन केला (माझ्या फोनवरून!) आणि मग मलाच शिकवायला लागली. म्हणे, जुन्या गिअरमध्ये चाक एकदा फिरायला पुढचा दांडा साधारण चार वेळा फिरायचा, आता पाचापेक्षा जास्त वेळा फिरेल. म्हणजे इंजिन जास्त राबेल आणि चाक कमी पळेल. चढ छान चढेल, पण वेग घटेल.

मी शांतपणे ऐकून घेतलं. शाळेतलं गणित वेगळं, मेकॅनिक्स वेगळं. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं हं. आणि हिंचक्यावर झोके घेत गाणं गुणगुणायला लागली. मत्सर.

१७ फेब्रुवारी
काम स्वतः करणार. बापूने फक्त गिअर द्यायचा. दोन दिवसांत संपवतो.

२६ फेब्रुवारी
काम सुरू आहे. घाई करत नाही. उत्तम काम घाईने होत नाही.

आज गोळा खाली उतरला. माझ्या पोटावर. जुनं ऑइल तोंडात गेलं, चव एरंडेलासारखी. सुटे भाग रॉकेलमध्ये भिजत घातलेत. परात निरुपमाची पुरणाची निघाली. मला काय माहीत? सगळ्या पराती सारख्याच दिसतात. तिने ती उचलून पाहिली आणि परत माझ्यासमोर ठेवली, हे फार वाईट लक्षण.

ऑफिसात कळवलं, पाठ धरलीय. दुपारपर्यंत खरोखर धरली.

१ मार्च
बापूला बोलावलं. केवळ सोबत म्हणून. तो गाडीखाली गेला, मी वरून मार्गदर्शन केलं. संध्याकाळपर्यंत गिअर बसला. तीन बोल्ट उरले. हे कंपनीवाले घाबरट, गरजेपेक्षा जास्त लावून ठेवतात. बापू म्हणाला की हे बोल्ट बहुतेक त्याच्याच खिशातले आहेत. बहुतेक.

४ मार्च
साठ!!

पुन्हा लिहितो. साठ! काटा पन्नासला क्षणभरही न थांबता साठवर गेला आणि थरथरत उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटताना तर गाडी अशी झेपावते की टोपी मागच्या मागे गेली.

एक किरकोळ नोंद. हायवेवर साठने जात असताना एका स्कूटरने ओव्हरटेक केलं. मागे गॅसचा सिलिंडर बांधला होता. हल्लीच्या स्कूटरी फार सुधारल्यात.

घरी येऊन सांगितलं तर निरुपमाने माझ्यासोबत आलेल्या बापूला विचारलं की मीटरची केबल कुठून निघते. तो म्हणाला, गिअरबॉक्समधून, म्हणजे डिफरन्शियलच्या आधी. मग मीटरला बिचाऱ्याला गिअर बदलल्याचं माहीतच नाही, असं ती म्हणाली. बापू लगेच तिच्या बाजूने. मीटरचं छोटं चाक पण बदलून देतो म्हणाला. मी साफ बजावलं, खबरदार मीटरला हात लावशील तर! पहिल्यांदाच इतका चांगला चाललाय.

११ मार्च
शेजारचे फत्तेसिंहराव विचारून गेले, घरात पिठाची गिरणी घातली का. इंजिनाचा आवाज थोडा वाढलाय खरा. ताकदीला आवाज असतोच.

संकल्प : जिंकल्यावर उतायचं नाही. दत्ताजीरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, फियाट फॅमिलीसाठी उत्तम गाडी आहे. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा फारच उदार वाटलं.

निरुपमाने सुताराला बोलावून बाकांची मापं दिली. देऊ दिली. माणसाला आशा हवी.

१८ मार्च, रविवार, सकाळ
निघतो आहे. निरुपमाला माझ्या शेजारी बसायला सांगितलं. ती म्हणाली, केस उडतात. फियाटमध्ये जाऊन बसली. हिरवी साडी. मला खरंच वाईट वाटलं. नवऱ्याचा विजय मागच्या काचेतून बघायचा!

त्याच दिवशी, करजण, चहाची टपरी
जिंकलो.

सविस्तर लिहितो, भरपूर वेळ आहे. सुटल्या सुटल्या मी फियाटला असं मागे टाकलं की दत्ताजीरावांचं तोंड उघडंच राहिलं. पुढे मोकळा हायवे. साठ. आवाज एवढा की मला माझा विचार ऐकू येईना.

थोड्या वेळाने एक क्रीम रंगाची फियाट माझ्या पुढे गेली. क्षणभर चमकलो. मग डोकं चालवलं. मी साठवर. दत्ताजीराव पन्नासच्या वर जात नाहीत. अर्थात ही फियाट दुसऱ्या कुणाची तरी. आत हिरव्या साडीतली एक बाई होती, तिने हात केला. हल्ली बडोद्यात हा हिरवा फार निघालाय. स्पोर्ट्स कार दिसली की लोक हात करतातच. मीही केला.

मग इंजिन तापलं. पाणी घातलं. पुन्हा तापलं. विहीर शोधली. मग पुन्हा. पण साठने आलेला माणूस थोडा थांबला तरी पुढेच असतो. बोनेटखाली डोकं असताना कुणीतरी बडोद्याकडे जाताना जोरजोरात हॉर्न वाजवून गेलं. डोकं न काढताच हात हलवला.

इथे पोचलो तर फियाटचा पत्ता नाही. चहा घेतला. टपरीवाला पैसे घेईना. म्हणाला, तुमच्या चहाचे पैसे एक साहेब मघाशीच देऊन गेलेत, उघडी गाडी घेऊन एक जण येतील म्हणून सांगून. करजणसारख्या ठिकाणीही कदरदान आहेत!

त्याच दिवशी, तिथेच, दुपार
अजून नाहीत. फियाट बंद पडली असेल. काळजी वाटते. मुख्यतः निरुपमाची. बाकांची मापं उगाच दिली असं तिला वाटत असेल. घरी गेल्यावर तो विषय मी काढणार नाही. हवं तर व्हरांडा थोडा वाढवून देईन.

त्याच दिवशी, संध्याकाळ, घर
फियाट दारात उभी होती. बोनेट थंडगार.

आत तिघं जेवून पान खात बसले होते. मी दत्ताजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, फियाट फॅमिलीसाठी उत्तम गाडी आहे. ते म्हणाले, करजणचा चहा कसा होता? मी साखर जास्त घालायला सांगितली होती.

अहल्याने माझं ताट झाकून ठेवलं होतं. जेवलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१९ मार्च, सोमवार
गाडी रस्त्यावर, लिंबाखाली. गॅरेज झाडून झालं, फळा लागला, बाक आले. माझे पाने-स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेलो तर वर्ग भरलेला. निरुपमा म्हणाली, अहो, आलाच आहात तर बसा. शेवटच्या बाकावर जागा होती. सगळ्या मुली वळून बघत होत्या, उठणार कसा?

फळ्यावर गणित. गाडीचा गिअर तीन पॉइंट नऊचा होता, तो पाच पॉइंट दोनचा केला, मीटर बदलला नाही. मीटर साठ मैल दाखवतो, तर खरा वेग काढा.

शेजारच्या मुलीने एक पाटी सरकवली, त्यावर मी साठ लिहिलं. निरुपमा पाटी बघत बघत माझ्यापर्यंत आली आणि तिने त्यावर फुली मारली. पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा केलं. काही केल्या साठच यावं अशी फार इच्छा होती.

शेवटी शेजारच्या मुलीचं बघून पंचेचाळीस लिहिलं.